मताच्या कागदावरचं श्री

वेस्ट विंडसर, १४ जून

॥ श्री ॥

चि. सीमा हिस,

आशीर्वाद तुला हवेत का नकोत ते माहीत नाही, पण ते घातल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही, म्हणून घातले. पत्ता तुझ्या भाचीने, रुहीने दिला. तिला बोलू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. सहा वर्षं झाली, तुझा आवाज मी त्या फोनच्या मशिनीवर ऐकते, निरोप ठेवा म्हणतेस तेवढाच. मशिनीशी मला बोलता येत नाही. कागदावर येतं.

बातमी अशी की तुझी आई निवडून आली. बस खाली आणि वाच. आपल्या या वस्तीला पार्टीच्या कमिटीत एक जागा असते, ती कधीची रिकामी होती, कुणी उभंच राहत नव्हतं. तर तुझ्या वहिनीने, वल्लरीने, आणि माझ्याबरोबर सकाळी चालायला येतात त्या बायकांनी ठरवलं की मत द्यायला जायचं आणि रिकाम्या रेघेवर हाताने नाव लिहून यायचं. तसं चालतं म्हणे इथे. त्यातली दीपा म्हणाली, "हौसाकाकू, तुमचंच नाव लिहितो. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, सगळं तुम्हाला ठाऊक. आणखी काय लागतं?"

मी म्हटलं, "अगं, मला इंग्रजी कुठे येतं?"

"काकू, तिथे जे इंग्रजी बोलतात ना, त्यांचंच कुणी ऐकत नाही."

चौदा मतं पडली. समोर कुणी नव्हतंच, त्यामुळे चौदात भागलं. घरी पत्र आलं, वर छापील नाव, हौसाबाई. वल्लरीने शिरा केला. रुहीने मला खुर्चीसकट गोल फिरवलं. सगळे म्हणाले, आज्जी किती खूश आहे बघा. असेन. मी हसत होते खरी, फोटोत दिसतंय तसं. पण तुला म्हणून सांगते, हल्ली मला काही झालं की ते दुसऱ्या कुणाला झाल्यासारखं वाटतं. परवा तव्यावर बोट भाजलं, वास आला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतात साखरेमुळे होतं.

आता मुद्द्याचं. या कमिटीतली सगळी माणसं मिळून पार्टीचा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, अध्यक्ष निवडतात. दोघं उभे आहेत. एक गॅरी. तो तुझ्या भावाचा माणूस. श्रीरंग त्याच्यासाठी आपल्या लोकांची मतं गोळा करतो, आणि गॅरी त्याला कसल्याशा टाउनशिपच्या बोर्डावर घेणार आहे. आणि दुसरी लोरेटाबाई.

लोरेटाबाई म्हणजे आमच्या सीनिअर सेंटरची व्हॅन चालवते ती. साठीची असेल, अंगाने भरलेली, पांढरी वेणी पाठीवर. ही इथलीच, म्हणजे गोऱ्यांच्या आधीची. लेनापी म्हणतात त्या लोकांना. दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांना एडिसनला ओक ट्री रोडवर भाजीला नेते. एकदा पुढच्या सीटवर मी होते तर बोट दाखवून म्हणाली (शेजारी रुही होती म्हणून कळलं), "हा रस्ता आमच्या लोकांची पायवाट होती. नदीवर जायची." मी रुहीला म्हटलं, हिला सांग, माझं माहेर कोयनेच्या धरणात आहे. चौथीत होते, शाळाच पाण्यात गेली, म्हणून माझं शिक्षण चौथी नापास न पास. रुहीने सांगितलं. लोरेटाबाईने सिग्नलला गाडी थांबल्यावर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी कमी झालं की दिसतं का?" मी म्हटलं, देवळाचा कळस दिसतो, कधी कधी. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी तिच्या बाजूची. तिच्या बाजूला सगळी अशीच माणसं. शाळेत जेवण वाढणाऱ्या बायका, नर्सा, बस चालवणारे, आणि आमची वल्लरी, नवऱ्याला न सांगता. लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमतो. चारशे कार्डांवर मी तिकिटं चिकटवली. धपाटे नेले होते, तर एक नर्स बाई विचारते, हे कुठल्या दुकानात मिळतात. लोरेटाबाई तिथे म्हणाली, "पंचवीस वर्षं मी या पार्टीसाठी दारं ठोठावली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्हाला बोलावतात, चार शब्द बोला म्हणतात, टाळ्या वाजवतात. मग खुर्चीवर दुसरंच कुणी बसतं."

श्रीरंग मला म्हणाला, "आई, गॅरीच्या नावापुढे खूण कर. पहिलंच नाव आहे." मी बरं म्हटलं.

रुही म्हणाली, तुझ्या आर्यच्या ताब्याची कोर्टाची तारीख ऑगस्टमध्ये पुन्हा लागली आहे, आणि तू महिन्यातून दोनदा स्टेट कॉलेज गावाहून चार तास गाडी मारत येतेस त्याला भेटायला. अकरावं लागलं त्याला. त्या जुन्या विषयावर मी काही लिहीत नाही. मी तेव्हा आत पोळ्या करत होते, तुला माहीत आहे.

तुझी आई

—

२५ जून

॥ श्री ॥

चि. सीमा,

उत्तराची वाट बघत नव्हते, म्हणून न आल्याचं काही वाटलं नाही.

काल मतदान झालं. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, एसी इतका की मी स्वेटरावर शाल घेतली. चारशेच्या वर माणूस. जेवायला म्हणून कोरडा पाव आणि त्यात गार टर्की, मी डब्यातला दहीभात खाल्ला. लोरेटाबाई काळ्या कोटात आली होती, वेणीला लाल फीत. भाषण लहान केलं. गॅरीचं मोठं होतं, त्यात "फॅमिली" शब्द फार वेळा आला, तेवढा मला ओळखू येतो.

मग कागद दिले. कोरा पांढरा कागद, खाली दोन नावं, दोन चौकोन. मी लोरेटाबाईचं अक्षर घरी पाठ केलं होतं, उभी काठी आणि खाली आडवा पाय. तिच्या चौकोनात खूण केली, नीट, दोनदा गिरवून. घडी घातली आणि डब्यात टाकली. श्रीरंग पलीकडच्या रांगेतून अंगठा वर करून दाखवत होता, तर मीही केला.

मोजायला दीड तास लागला. गॅरी दोनशे अकरा, लोरेटाबाई दोनशे दहा, एक मत बाद.

हॉलमध्ये एक आवाज झाला, टायरमधली हवा जावी तसा. वल्लरी माझ्या शेजारी होती, तिने ओठ चावला कारण नवरा समोर होता. श्रीरंगला लोक मिठ्या मारत होते. मी विचारलं, एक बाद का? वल्लरी म्हणाली, "कुणीतरी कागदावर वरती काहीतरी खरडलंय. कुणाचं मत आहे हे ओळखू येईल अशी खूण केली तर बाद होतं. आणि आई, ते मत लोरेटाचं होतं. धरलं असतं तर बरोबरी. बरोबरी झाली तर पुन्हा मतदान."

मी म्हटलं, "असं होय."

सीमा, तुला लहानपणी मी दुकानात पाठवायचे तेव्हा चिठ्ठी आठवते का? साखर, चहा, काडेपेटी आणि त्याच्या वर काय असायचं? गुरुजींनी शिकवलं होतं, कोऱ्या कागदावर पहिलं श्री काढल्याशिवाय काही लिहायचं नाही. शाळा गेली, पण हे राहिलं. बँकेच्या स्लिपवर काढते, लाइट बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडते तिथे काढते. हातात पेन आणि समोर कोरा कागद आला की हात तिकडे जातो, मला विचारत नाही. काल तिथे बसले, चष्मा घातला, वरती मधोमध श्री काढलं, आणि मग उभी काठी शोधायला लागले.

गाडीत मी हे कुणाला सांगितलं नाही, घरीही नाही. आल्यावर कुकर लावला, मूग भिजत घातले. रडू यायला हवं होतं. आलं नाही. भाताला तीन शिट्ट्या झाल्या का दोन, तेवढीच चिंता वाटत होती.

आई

—

२७ जून

॥ श्री ॥

सीमा,

पोस्टमन परवाचं पत्र घेऊन गेला आणि काल सकाळी हे झालं, म्हणून लगेच लिहिते.

श्रीरंग ब्रेकफास्टला बसला होता. फोन वाजला, त्याने बघितला, आणि चमचा तसाच पोह्यांत राहिला. गॅरीच्या माणसांनी त्या बाद कागदाचा फोटो पाठवला होता. लोरेटाबाईच्या लोकांनी तक्रार केली आहे, उद्या शनिवारी सुनावणी आहे. आणि गॅरीच्या बाजूचे म्हणतायत की ही ठरवून केलेली खूण आहे, लोरेटाने मत विकत घेतलं आणि देणाऱ्याने दिल्याचा पुरावा म्हणून खूण केली. श्रीरंगला विचारलं होतं, ही तुमच्याकडची कुठली भाषा आहे का?

त्याने माझ्याकडे बघितलं. माझं श्री तो ओळखणारच, त्याच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मीच काढून द्यायचे.

"आई, तू लोरेटाला मत दिलंस?"

"दिलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलंस. मी बरं म्हटलं."

वल्लरी ओट्याशी पाठ करून उभी होती, कांदा चिरायची थांबली. मग श्रीरंग फोनवर काहीतरी टाइप करत म्हणाला, "मी त्यांना लिहितोय, आमच्याकडची भाषा नाही, नुसती रेघोटी वाटते. विषय संपला. आई, तू काही बोलायचं नाहीस. तुला काही माहीत नाही."

वल्लरी म्हणाली, "आणि लोरेटाने मत विकत घेतलं म्हणतायत त्याचं काय? ती बाई तुझ्या आईला तीन वर्षं दवाखान्यात नेते आणते."

"तू मध्ये पडू नकोस. आईला तिथे उभं करायचंय का? वकील प्रश्न विचारतील. पेपरात येईल. लोक हसतील, चौथी शिकलेली बाई कमिटीवर म्हणून."

"लोक हसतील ते तुला बघून हसतील," वल्लरी म्हणाली. आवाज न चढवता.

तो प्लेट तशीच टाकून निघून गेला.

मी पोहे खाल्ले. सगळे. चव होती का आठवत नाही. पण ते 'तुला काही माहीत नाही' असलं वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, ह्याच टेबलाशी, ह्याच माणसाकडून, म्हणून आता तुला लिहायला बसले.

ज्या दिवशी दोन्हीकडची माणसं बसणार होती, तुझ्या आणि राजेशच्या संसाराचं पुढे काय ते ठरवायला, त्या सकाळी श्रीरंग मला म्हणाला, आई, तू आत होतीस, तू काही पाहिलं नाहीस. राजेश तेव्हा श्रीरंगच्या कंपनीत अर्धा भागीदार. मी बरं म्हटलं. आणि दुपारी तू सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलीस, हाताला प्लास्टर होतं तुझ्या, म्हणालीस, "आई, तू सांग." मी म्हटलं, मी आत पोळ्या करत होते. तुझ्या वकिलीणबाईने नंतर कागद पाठवला होता, त्यावर पण मी तेच सांगितलं. तू तेव्हा रडली नाहीस. नुसती पर्स उचललीस.

पोळ्या तासभर आधी झाल्या होत्या. डब्यात भरून झाकण लावून झालं होतं. मी दारात उभी होते.

उद्या काय करायचं ते मला कळत नाही. पोरा-सुनेच्या घरात राहते मी. इथून उठून कुठे जायचं हेही माहीत नाही. छातीत धडधडायला पाहिजे ना माणसाच्या, अशा वेळी? हात लावून बघितला, आपलं नेहमीसारखं चाललंय.

आई

—

२९ जून

॥ श्री ॥

सीमा,

काल गेले. सकाळी आंघोळ केली, ती जांभळी नऊवारी नेसले आणि दारात बसले. वल्लरीने विचारलं, "आई, कुठे?" मी म्हटलं, तू नेशील तिथे. तिने गाडीची किल्ली घेतली, दुसरं काही विचारलं नाही. रुहीही निघाली.

लायब्ररीच्या मोठ्या खोलीत टेबलामागे निवाडा करणारी पाच माणसं. एका बाजूला गॅरी आणि त्याची माणसं, त्यात श्रीरंग. दुसऱ्या बाजूला लोरेटाबाई, एकटीच, हातात कॉफीचा कागदी कप. मला बघून तिला वाटलं मी टाळ्या वाजवायला आले, शेजारची खुर्ची दाखवली. मी बसले नाही. रुहीने सांगितलं, माझ्या आज्जीला बोलायचंय.

गॅरीचा वकील म्हणाला, नात चालणार नाही दुभाषी म्हणून, घरची आहे. मग त्यांनी फोन लावला कुठेतरी आणि तो टेबलावर ठेवला. फोनमधून एक बाई मराठीत बोलली, "नमस्कार मावशी, मी दुभाषी आहे, तुम्ही बोलाल ते तसंच्या तसं सांगेन." नागपूरकडची असावी, हेल तसा होता. तिला माझं तोंड दिसत नाही आणि मला तिचं. बरं झालं. मशिनीशी बोलता येत नाही म्हणाले होते ना तुला, तर हिच्याशी आलं.

मी म्हटलं, "तो कागद माझा आहे."

फोनमधली बाई ते इंग्रजीत बोलली. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. मी श्रीरंगकडे बघितलं नाही, टेबलाच्या कडेकडे बघितलं. लाकडाचा पापुद्रा निघाला होता तिथे.

त्या पाचांतल्या मधल्या बाईने कोरा कागद दिला, काढून दाखवा म्हणाली. काढलं. याचा अर्थ काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, अर्थ काही नाही, सुरुवात आहे. लिहायच्या आधी काढायचं. फोनमधली बाई ते सांगून झाल्यावर मराठीत हळूच म्हणाली, "मी पण काढते, मावशी," आणि वकील लगेच म्हणाला, ती काय बोलली ते सांगा. तिने तेही सांगितलं. पाचातले दोघं हसले.

मग वकिलाने विचारलं, "तुम्हाला कुणी पैसे दिले?"

"नाही. मीच तिला शेंगदाण्याची चटणी देते."

"मग इतके दिवस गप्प का बसलात? गप्प राहायला कुणी सांगितलं होतं का?"

सीमा, इथे मला बराच वेळ लागला. म्हणजे मला वाटलं बराच, वल्लरी म्हणते दोन सेकंद. मी म्हटलं, "मुलाने सांगितलं. पण ऐकलं मी." फोनमधल्या बाईने दोन्ही वाक्यं सांगितली का एकच, मी रुहीला नंतर विचारलं. दोन्ही सांगितली.

श्रीरंग उठून गेला. गॅरी त्याच्यामागे गेला नाही.

मग त्या पाचांनी आत जाऊन ठरवलं. लोरेटाबाईवर काही आळ नाही, तो त्यांनी लिहून काढून टाकला. पण मत बाद ते बादच. तीन विरुद्ध दोन. कारण काय, तर आता तो कागद कुणाचा हे सगळ्यांना कळलं. मी गप्प बसले असते तर कदाचित रेघोटी समजून धरलंही असतं. म्हणजे मी सांगायला गेले आणि त्यानेच ती पडली. रुही रडली. वल्लरी नर्स बायकांजवळ जाऊन उभी राहिली, उघडपणे.

मी लोरेटाबाईकडे गेले. इंग्रजी मला एक "सॉरी" येतं, ते म्हटलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, कोमट होते तिचे हात, एवढं मला कळलं. रुहीकरवी म्हणाली, "खुर्चीशिवाय आम्ही बरेच दिवस काढलेत. पण चोर म्हणून घरी गेले असते तर पुन्हा दार ठोठावता आलं नसतं." मग म्हणाली, "पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार. तेव्हा मी स्वतः तुमच्या हातातून पेन काढून घेणार आहे." आणि खुर्च्या घडी करायला लागली, शाळेतल्या बायका पण लागल्या. मीही दोन केल्या.

श्रीरंग कालपासून माझ्याशी बोलत नाही. जेवण वर खोलीत नेतो. जाताना एकदा म्हणाला, "तू माझं नाव घेतलंस, आई." मी म्हटलं, "त्यांनी विचारलं." मला त्याचं वाईट वाटायला हवं. वाटेल बहुतेक, उशिरा. बोट भाजल्यासारखं.

आता खालचं तुझ्यासाठी नाही, तुझ्या वकिलीणबाईसाठी आहे. वल्लरीने सांगितलं कसं लिहितात ते. इंग्रजी ती करून देईल, पण मूळ माझ्या हातचं असावं म्हणून मी लिहिते.

मी हौसाबाई, वय चौऱ्याहत्तर, लिहून देते की सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सीमा आणि राजेशच्या एडिसनच्या घरात, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मध्ये काही आड नव्हतं. राजेशने सीमाचा डावा हात धरून पाठीमागे पिरगळला आणि तिला जिन्याच्या कठड्यावर ढकललं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आर्य, तेव्हा पाच वर्षांचा, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला होता आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. राजेश म्हणाला, आता पडलीस म्हणून सांग. मी पुढे गेले नाही. नंतर दोनदा मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. दुसरी वेळ लेखी होती. ते खोटं होतं हे मी शुद्धीवर, कुणी न सांगता लिहिते आहे.

खाली सही केली आहे. वल्लरीने शेजारी केली.

वल्लरी म्हणते, आधीचं खोटं लेखी होतं म्हणून मला कोर्टात त्रास होऊ शकतो. होऊ दे. लोरेटाबाई मला कोर्टात न्यायला व्हॅन घेऊन येते म्हणाली आहे, तिला मी विचारलंही नव्हतं.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फोन करू नकोस, पत्र लिहू नकोस. एका चिठ्ठीवर कोर्टाची तारीख आणि खोलीचा नंबर तेवढा टाक. मी तुझ्याजवळ येऊन बसणार नाही. जिथे बसवतील तिथे बसेन, आणि विचारतील तेव्हा उठेन.

आई